नव्वद पुरेत

६ जानेवारी

धाकटे,

अकरा वर्षांनी माझं अक्षर बघून तू पत्र फाडशील, हे मी धरूनच चाललेय. फोन तू उचलत नाहीस. पत्र फाडायला निदान हातात तरी घ्यावं लागतं, आणि तू लहानपणापासूनची चोंबडी, फाडायच्या आधी दोन ओळी वाचशीलच. म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. ह्यांची फुप्फुसं गेली.

घाबरू नकोस, हे आहेत. फुप्फुसं कामातून गेली. चाळीस वर्षं लाकडाचा भुसा नाकात आणि वर सिगरेटी, दुसरं काय होणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार बरा होत नाही, सांभाळायचा असतो. बाथरूमपासून पलंगापर्यंत यायला मध्ये खुर्ची ठेवावी लागते, तिथे टेकतात, मग पुढे. घरात ऑक्सिजनचं मशीन आलंय. दिवसाचे सोळा तास नाकात नळी. आणि मशीनच्या मागोमाग एक नर्स आलीय.

खरं सांगू? तिच्यासाठीच हे पत्र. माझ्या पोटात काय दुखतंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं? तू ते भोगलेलं आहेस.

दवाखान्यातर्फे घरोघर जाऊन छातीच्या रोग्यांना बघायचं, हे तिचं काम. अशी चौदा घरं आहेत म्हणे तिच्याकडे. आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी. पस्तिशीची असेल. तीन मजले चढून येते आणि धापसुद्धा लागत नाही मेलीला. आल्या आल्या विचारते, "काका, आज दम काय म्हणतोय?" आणि हे म्हणतात, "दम म्हणतोय, नर्सबाई आल्या, मी निघतो." हसतात गं! चार वर्षांत माझ्याशी बोलताना ह्यांच्या तोंडून तीन शब्द निघालेत: हं, ठेव, नको. तिच्यासाठी विनोद निघतात.

आणि ऐक. ती ह्यांच्या समोर खुर्ची ओढून बसते आणि ओठांचा चंबू करते. हेही करतात. नाकाने श्वास आत आणि चंबूतून हळूहळू फुंकर बाहेर. "काका, मेणबत्ती विझवायची नाही हं, नुसती हलवायची." मी शिलाई मशीनवर कुणाचातरी झगा उसवत बसलेली, आणि माझा नवरा एका परक्या बाईकडे बघून ओठांचा चंबू करतोय! अंगाचा तिळपापड झाला. मी तिचं नाव फुंकरबाई ठेवलंय. मनात, पण एकदा तोंडातून निघालंच. ती हसली. तिला राग पण येत नाही. कसला स्वभाव म्हणायचा हा?

बोटाला चिमट्यासारखं एक यंत्र लावतात, त्यात रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा दिसतो. आधी ह्यांचा पंच्याऐंशीच्या आसपास असायचा. हिने महिन्याभरात नव्वदवर आणला. मी म्हटलं, अजून वाढवा की. तर म्हणे, "काकू, नव्वद पुरेत. काकांसारख्यांना अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. त्याच्या वर नकोच." मग माझ्या बोटाला लावून दाखवलं. अठ्ठ्याण्णव. म्हणजे मला अठ्ठ्याण्णव आणि माझ्या नवऱ्याला नव्वद? हवेतसुद्धा कंजुषी! तिने समजावलं: ह्या आजारात फार ऑक्सिजन दिला तर शरीर श्वास घ्यायचा कंटाळा करतं, खराब हवा आतच साठते, माणूस गुंगीत जातो, कधी उठतही नाही. मशीनवर काचेच्या नळीत एक गोळी तरंगते, ती एकच्या रेघेवर ठेवायची, बटणाला हात लावायचा नाही. मी मान डोलवली. मान डोलवायला काय जातं?

तू म्हणशील, ताई आहे तशीच आहे. आहेच. जिन्यात ह्यांचं डोकं तुझ्या खांद्यावर आणि तुझा हात ह्यांच्या पाठीवर, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. दादाच्या घरी सगळ्यांसमोर मी ते बोलले, तू ताटावरून उठलीस, आणि मी माझा शब्द मागे घेतलेला नाही. अजूनही घेत नाही.

ताई


२८ जानेवारी

धाकटे,

पत्र परत आलं नाही, म्हणजे तुझ्या हाती पडलं. उत्तर नाही दिलंस तरी चालेल. मला सांगायचंय, आणि ऐकून घेईल असं दुसरं कोणी नाही.

ह्यांनी तिच्यासाठी स्टूल केलं! चार वर्षं रंध्याला हात लावला नव्हता. मी म्हणून म्हणून थकले, माझ्या शिलाई मशीनचं फळकूट हलतंय, एक खिळा ठोका. "दम लागतो." आणि फुंकरबाई पलंगाशी वाकून पाय तपासते म्हणून तिची पाठ दुखत असेल, तर तिच्यासाठी स्टूल! रोज दहा मिनिटं बसल्या बसल्या घासायचे, मध्येच फुंकर मारायची, परत घासायचं. बारा दिवस लागले. तिला म्हणे हाच व्यायाम हवा होता, हात चालले की छाती चालते. तिने स्टूलावर बसून टुणकन उडी मारून दाखवली. "काका, हत्ती बसला तरी मोडणार नाही!" ह्यांचा चेहरा काय सांगू तुला. आमच्या लग्नात एवढा फुलला नव्हता.

पण मीही काही बोळ्याने दूध पीत नाही. आता आमच्याकडे तिच्या दिवसांपेक्षा माझे दिवस चांगले जातात. तिच्या हातून नव्वद, तर माझ्या हातून सत्त्याण्णव! वहीत रोजचा आकडा लिहायचा असतो. शनिवार सत्त्याण्णव, रविवार शहाण्णव, सोमवार सत्त्याण्णव, ठळक अक्षरात लिहिलेत. मंगळवारी तिने वही बघितली आणि कपाळाला आठ्या. "मी मोजते तेव्हा तर नव्वदच येतात." मी म्हटलं, घरच्या माणसाचा हात लागला की फरक पडतो. तिने चिमटा उलटसुलट केला, म्हणाली, हा खराब झालेला दिसतो, नवीन आणते. आणि वहीत सही करून गेली.

कसे आणले ते विचारू नकोस. बटण काय तिच्या एकटीच्याच हाताने फिरतं? ती गेली की गोळी तीनवर, यायच्या आधी तासभर परत एकवर. एवढंच. आणि हे कसे शांत झोपतात म्हणून सांगू! दुपारीसुद्धा झोपतात. सकाळी डोकं दुखतं म्हणतात, ते होतंच झोप जास्त झाली की. फुंकर नाही, चंबू नाही, विनोद नाही. माझ्या हाती असले की शांत असतात.

ताई


१३ फेब्रुवारी

धाकटे,

हे दवाखान्यात आहेत. काल सकाळी उठवायला गेले तर उठेनात. डोळे अर्धे उघडे, बोलणं बरळल्यासारखं, मला ओळखेनात. हाताला धरून हलवलं तर हात लटपटत खाली पडला. मी फुंकरबाईला फोन केला. ती जवळच्याच घरी होती, रुग्णवाहिकेच्या आधी पोचली. आता तोंडावर मास्क लावून दुसरं मशीन श्वास देतंय. डॉक्टरीणबाई म्हणतात, दोन दिवस काढले तर वाचले.

चौकशी लागली आहे. ऑक्सिजन जास्त झाला, म्हणतात. मशीनला कोण हात लावतं, असं मला विचारलं. मी सांगितलं, नर्सच लावते, मला त्यातलं काय कळतंय? खोटं काय आहे त्यात? मशीन तिच्याच दवाखान्यातून आलं, तिनेच लावलं. वहीत सत्त्याण्णव बघूनही ती सही करून गेलीच ना? आणि तुला म्हणून सांगते, काल रुग्णवाहिकेची माणसं जिना चढत होती तेव्हा तिने मशीनचं बटण फिरवलं. माझ्या देखत. का फिरवलं असेल? मी नुसतं बघितलं, एवढंच सांगते.

मी जेवलेले नाही. बाकावर बसून लिहितेय. तू इथे असायला हवी होतीस, असं लिहिलं होतं, ते खोडलंय.

ताई


१७ फेब्रुवारी

धाकटे,

हे शुद्धीवर आले. मास्क निघाला. वाचले.

मागचं पत्र हातात असेल तर फाड. वड्याचं तेल वांग्यावर काढलं मी. खरं असं आहे की हे उठेनात तेव्हा मला वाटलं हवा कमी पडली, म्हणून घाबरून मी गोळी पाचवर नेली. फुंकरबाई आत आली, तिने आधी ह्यांच्याकडे बघितलं, मग मशीनकडे, मग माझ्याकडे. गोळी पाचवर. माझा हात अजून बटणावर. तिने माझा हात बाजूला केला आणि गोळी एकवर आणली. माणसं आत आली तेव्हा गोळी जागच्या जागी होती.

काल ती मला दवाखान्यात भेटली, चहाच्या यंत्राजवळ. गणवेश नव्हता. तिची चौदा घरं काढून घेतलीत. पुढच्या आठवड्यात बैठक आहे, तोवर कागदपत्रांच्या खोलीत बसवलंय. तिने लिहून दिलंय, "वहीतले आकडे बघून मी सावध व्हायला हवं होतं, गोळी कदाचित माझ्याच हातून वर राहिली असेल." मी म्हटलं, असं का लिहिलंस? तर हळू आवाजात म्हणाली, "काकू, घरच्या माणसाने बटण फिरवलं असं लिहिलं की नियम आहे, मशीन घरातून काढतात. मशीन नाही म्हणजे काकांना घर नाही. कायमचं वॉर्डात राहायचं. काकांना ते झेपायचं नाही. तुम्ही गप्प राहा. मला फार तर खुर्चीवर बसवतील."

धाकटे, माझ्या जागी दुसरी असती तर तिच्या पाया पडली असती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे माझा नवरा मला ही परत देणार? दान म्हणून? आजवर ती हसतमुख होती, हुशार होती, ह्यांची लाडकी होती. आता थोरही होणार, आणि मी तिच्या उपकाराखाली दबून जन्म काढायचा. मी चहा तिथेच ठेवून निघून आले.

आणि हे कमी होतं म्हणून आज ते झालं. डॉक्टरीणबाई ह्यांना विचारत होत्या, पहिल्यांदा दम कधी लागला? मी पलीकडे उशी झटकत होते. हे म्हणाले, "अकरा वर्षं झाली. खांद्यावर फळी घेऊन जिना चढत होतो. मध्येच श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधार. मेहुणी मागून येत होती, तिने फळी घेतली, मला खांद्यावर टेकवून पाठ चोळली. ती नसती तर खाली गेलो असतो." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तेव्हाच दाखवायला हवं होतं. सिगरेट तेव्हाच सुटली असती तर आज जिना चढला असता."

फळी भिंतीला टेकवलेली होती. मी बघितली होती गं. ती मी कुणाला सांगितली नाही.

डॉक्टरीणबाई गेल्यावर मी विचारलं, तेव्हा का नाही बोललात? तर म्हणे, "चक्कर आली असं बोललो होतो. तुला पटलं नाही. दम लागला सांगितलं असतं तर काम सोडायला लावलं असतंस. तिच्याकडून वचन घेतलं होतं, ताईला सांगू नकोस म्हणून." आणि तू, शहाणे, ते वचन पाळलंस! ताटावरून उठलीस, पण बोलली नाहीस. हे गप्प, तू गप्प, आणि मी एकटी बोलत सुटले. मला मिठी दिसली. श्वास दिसला नाही. अकरा वर्षं ह्यांच्या छातीत हे वाढत होतं, आणि मी तुझ्यावर जळण्यात रमले होते.

तोंड उघडलं तर हे वॉर्डात जातील. नाही उघडलं तर तिचं काम जाईल. काय करू सांग. तू सांगणार नाहीस, माहितेय.

ताई


५ मार्च

धाकटे,

बैठक झाली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी गेले.

लांबट टेबल, पाण्याचा जग, चार माणसं. डॉक्टरीणबाई, घरभेटींचे वरिष्ठ, टिपणं घेणारा कारकून आणि फुंकरबाई. मला बघून ती उठलीच. "काकू, तुम्ही घरी जा." मी म्हटलं, तू बस. मी बटण फिरवलं. तीन आठवडे फिरवत होते, आणि त्या सकाळी पाचवर मीच नेलं. तिने आधीच बजावलं होतं, मला कळलं होतं, तरी केलं. वरिष्ठ म्हणाले, का पण? मी म्हटलं, तिच्या हातून नव्वद आले म्हणून मला सत्त्याण्णव हवे होते. मला तिचा हेवा वाटतो. अजून वाटतो. कारकुनाचं लिहिणं थांबलं. म्हणाला, "हे कसं लिहू?" मी म्हटलं, बोलले तसं लिही, बाबा. हेव्याला काय दवाखान्यात वेगळा शब्द आहे?

तिने बटण मागे फिरवलं ते मात्र मी सांगितलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढं एक खोटं मी तिच्यासाठी राखलंय. राहू दे.

तुला वाटेल ताई सुधारली. छे गं. मी गेले कारण मला ते थोरपण तिला द्यायचं नव्हतं. जन्मभर जळले, एकदा तरी त्याचा कुणाला उपयोग झाला. पण मग मला दाराबाहेर बाकावर बसवलं. आत ह्यांचा निकाल चालला होता. ह्यांच्या छातीतली हवा कुठल्या खोलीत आत-बाहेर व्हायची ते ठरत होतं, आणि ते माझ्यामुळे. एवढं एकटं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

पाऊण तासाने बोलावलं. मशीन घरी राहील. तीन महिने बघू, म्हणाले. बटणावर झाकण बसवलंय, त्याला कुलूप, किल्ली नर्सकडे. मला दर बुधवारी वर्गात बसायचं आहे, रोग्यांना सांभाळणाऱ्यांच्या. आणि घरभेट आठवड्यातून दोनदा नाही, रोज. कोण येणार रोज? तीच! तिची चौदा घरं परत दिली, आणि आमचं घर रोजचं. मी स्वतःच्या पायांनी चालत जाऊन हे मागून आणलंय. हस, हस पोटभर. मीसुद्धा जिन्यात बसून हसले, मग रडले, खालच्या मजल्याच्या बाईने पाणी आणून दिलं.

तर आता ती रोज येते. हे रोज विनोद करतात. मला रोज राग येतो. पण पहिल्या बुधवारच्या वर्गात चंबू मलाही करायला लावला, आणि परवा हे खुर्चीपाशी अडकले, ओठ निळे, डोळे भिरभिरले, तेव्हा फुंकरबाई यायला अजून दोन तास होते. मी समोर बसले. नाकाने आत, चंबूतून बाहेर. हे माझ्याकडे बघून करत राहिले. दहा-बारा मिनिटांनी ओठांवर रंग आला. आकडा बघितला. नव्वद. वहीत लिहिला. हे म्हणाले, "तुझा चंबू तिच्यापेक्षा वाकडा आहे." चौथा शब्द म्हणता म्हणता अख्खा विनोद निघाला, माझ्यासाठी! मी म्हटलं, मेल्या, वाकडा तर वाकडा, आला ना श्वास?

आता तुझं. त्या दिवशी जिन्यात मी जे बघितलं ते तू आजारी माणसाला सावरत होतीस, एवढंच होतं. मी सांगितलं ते खोटं होतं, आणि भिंतीला टेकवलेली फळी आठवूनही मी खोटंच सांगत राहिले. असंच्या असं दादाला लिहिलंय, वहिनीला लिहिलंय, त्या दिवशी ताटांवर जे जे होते त्या सगळ्यांना लिहिलंय. सात पत्रं. पाच पोचली. दादाने फोन करून मला खूप झापलं, अर्धा तास. मी ऐकून घेतलं. मला झापायला अजून सहा जण शिल्लक आहेत, आणि तुझी माफी मागायला तुझा नंबर सगळ्यांकडे आहे.

माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते. माफ कर.

ह्यांना तुला काही लिहायचं होतं. चार दिवस लागले, रोज पाच-सहा ओळी, मध्ये श्वास. मी शेजारच्या खोलीत शिवत बसले, आत गेले नाही. काल घडी करून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, "तू चिकटव." मी चिकटवलं. ह्या पत्राबरोबर ते दुसरं पाकीट आहे, तेच. खोटं का बोलू, दोनदा उजेडासमोर धरून बघितलं.

उघडलेलं नाही.

ताई